बडग्याला झाली अटक

नत्थूजी हवालदाराच्या घरात त्या श्रावणात इतकी शांतता होती की शेजारणी येऊन विचारायच्या, कोणी आजारी आहे का म्हणून. आजारी कोणी नव्हतं. पार्वतीबाई नवऱ्याशी बोलत नव्हती, एवढंच.

ज्यांनी पार्वतीबाईला पाहिलेलं नाही, त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. ही बाई पहाटे चूल पेटवताना बोलायला लागायची ते रात्री अंथरुणावर डोळा लागेपर्यंत. ऐकायला माणूस नसला तर ओल्या लाकडांना शिव्या द्यायची, तेही नसलं तर भिंतीवरच्या पालीची विचारपूस करायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, नत्थूजीला कधी रेडिओ घ्यावासा वाटला नाही. आणि आता ताट समोर यायचं, पाण्याचा तांब्या यायचा, शब्द मात्र नाही. नत्थूजी मुद्दाम म्हणायचा, "वरणात मीठ कमी पडलं वाटते." तर मिठाची बरणी समोर आदळायची आणि बाई आत. गरम जिलेबी आणून पाहिली. तिने ती शेजारच्या पोट्ट्यांना वाटून टाकली, तीही न बोलता.

भानगड नळाची होती. पाऊस चांगला पडून गेला होता, नाले दुथडी वाहत होते, पण त्यांच्या मोहल्ल्याच्या, लोहारपुऱ्याच्या नळाला मात्र थेंब नव्हता. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. शेवटी बायांनी चौकात सभा ठेवली. मंडप नाही, भोंगा नाही, एक लोखंडी बादली उपडी घातली की झालं व्यासपीठ. पहिलं भाषण पार्वतीबाईचं. जन्मात पहिल्यांदा ती चारचौघांत भाषण करणार होती. आठवडाभर भांडी घासताना तिने ते पाठ केलं, इतकं की नत्थूजीलाही ते झोपेत म्हणता आलं असतं.

सभेच्या दिवशी ती दूरच्या विहिरीवरून भरून आणलेली मातीची घागर कमरेवर घेऊन बादलीवर चढली, घसा साफ केला आणि म्हणाली, "तर बायांनो..."

तेवढ्यात ठाण्याची जीप आली.

ठाणेदार सरनोबत साहेब कोल्हापूरकडून नुकतेच बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण दोन माणसं उभी असली की त्यांना गर्दी दिसायची आणि चार दिसली की दंगल. "पांगवा!" ते जीपमधूनच ओरडले. नत्थूजीला लाठी चालवायची कधीच आवड नव्हती. साहेबाचा हुकूम झाला की तो डोळे गच्च मिटून घ्यायचा आणि कुठेतरी हवेत लाठी फिरवायचा. त्या दिवशीही तसंच केलं. खळ्ळकन आवाज झाला, पायांवर गार पाणी आलं, म्हणून त्याने डोळे उघडले. समोर बायको, आणि तिच्या कमरेवर घागरीचा नुसता काठ.

पार्वतीबाईने खापर न् खापर पदरात गोळा केलं. घरी येऊन ती नत्थूजीला शेवटचं बोलली, "माहं भाषण अर्धं राहिलं हाये. ते पुरं झाल्याबिगर मी तुमच्यासंगं एक शब्द बोलणार नाही." आणि तोंडाला कुलूप.

आता भाषण पुरं व्हायचं कसं? साहेबांनी चौकात सभेला बंदी घातली आणि पाचवा माणूस दिसला की हाकलायला तिथे लाठी देऊन उभं केलं कोणाला, तर नत्थूजीला. म्हणजे बायकोच्या तोंडाच्या कुलपावर पहाराही त्याचाच. दिवसभर तो तिथे उभा राहायचा आणि संध्याकाळी त्या मुक्या घरी जायचा. त्याला खरंच रडू यायचं. पट्टा दोन भोकं आत गेला होता.

असा पोळा आला. बैल सजले, गेले, आणि दुसऱ्या दिवशी मारबतीचा सण उजाडला. त्या दिवशी अख्ख्या नागपुरात माणसं घरातली पीडा बाहेर काढतात. पिवळी मारबत, काळी मारबत या बाईच्या रूपातल्या पुतळ्यांच्या मिरवणुका इतवारीकडे निघतात आणि मोहल्ल्यामोहल्ल्यातून बडग्ये निघतात. बडग्या म्हणजे बांबू, बारदाना आणि कागदाचा पुतळा. वर्षभरात ज्याने छळलं त्याचं सोंग त्याला द्यायचं. महागाई असो, भेसळवाला असो, पुढारी असो, कोणाची गय नाही आणि कोणी राग धरायचा नाही. लोक त्याच्या अंगावर फुटके झाडू, तुटक्या चपला टाकतात, आपला खोकला, खरूज, सासू, जे काय असेल ते त्याच्या हवाली करतात आणि ओरडतात, "घेऊन जाय गे मारबत!" मग दिवस मावळायच्या आत त्याला गावाबाहेर नेऊन जाळायचं. पीडा गेली, वर्ष मोकळं.

लोहारपुऱ्याचा बडग्या दरवर्षी मारोतराव पेंटर करायचा. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस, पण बडग्याला हात लावला की त्याच्या अंगात यायचं. यंदाचा बडग्या हातगाड्यावर बसून चौकात आला आणि बंदोबस्तावरच्या नत्थूजीची लाठी हातातून गळाली.

बडग्याचं पोट धान्य मोजायच्या मोठ्या टोपल्याचं होतं. मिश्या म्हणजे केरसुणीचे दोन अर्धे, टोकं वर वळवलेली. डोळ्यांवर काळा चष्मा. साहेब संध्याकाळीही काळा चष्मा लावत, हे मोहल्ल्यातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. दोन्ही कानांत मूठमूठ कापूस कोंबलेला. आणि छातीवर पाटी: "मले काहीच आयकू येत नाही."

सरनोबत साहेब कमरेवर हात ठेवून पुढे आले. बडग्याचेही हात कमरेवर होते. दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहिले. गर्दीतून एक बाई फिस्सकन हसली.

"हवालदार, हे काय आहे?"

"बडग्या हाये, साहेब."

"कोणाचा?"

नत्थूजीने आभाळाकडे पाहिलं.

"याला ताब्यात घ्या," साहेब म्हणाले.

नत्थूजीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "साहेब, बडग्याले मधातच थांबवत नसते. त्याच्यावर साऱ्या मोहल्ल्याची पीडा लादली हाये. तो जिथं थांबला तिथं..."

"मी सांगतोय ना? ताब्यात घ्या!"

आणि अशा रीतीने लोहारपुऱ्याच्या बडग्याला अटक झाली. गाडेवाल्याने तो ठाण्याच्या दारात उतरवला आणि आपला गाडा घेऊन असा पळाला की पुन्हा दिसला नाही. चार शिपायांनी ढकलून बडग्या आत घेतला. कोठडीच्या दारातून पोट जाईना, म्हणून त्याला साहेबांच्या टेबलासमोरच, तक्रारदार उभा राहतो त्या जागी, उभं केलं. मारोतराव आपल्या पायांनी मागून आला आणि बाकावर बसला. "माह्या पोराले धरलं तर मी घरी जाऊन काय करू?" तो म्हणाला.

मग पंचनामा. पंच म्हणून दोघे बोलावले: समोरचा पानठेलेवाला गिरिधर आणि पेन्शनीतले वामनराव मास्तर. नत्थूजी लिहायला बसला.

"गुन्हा काय लिहू, साहेब?"

"बदनामी."

"कोणाची?"

साहेबांनी पंचांकडे बोट केलं. "पंचांना विचारा, हा पुतळा कोणाचा दिसतो."

गिरिधरने बडग्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मले त भिवापूरच्या माह्या साळ्यासारखा दिसून राहिला."

"नीट बघा! मिश्या बघा!"

"मिश्या त्याच्याच हायेत, साहेब. चष्मा तेवढा नाही त्याले."

वामनराव मास्तर उठले, बडग्याभोवती एक फेरी मारली, कानातला कापूस चाचपला. "हे पाहा ठाणेदार साहेब," ते शाळेतल्या आवाजात म्हणाले, "टोपल्यासारखं पोट, केरसुणीच्या मिश्या, कानांत बोळे. असा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. आपल्या पाहण्यात असेल तर आपण नाव सांगावं. मी आनंदानं सही करतो."

नत्थूजीने टाक शाईत बुडवून धरला. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. हा मी आहे असं म्हणावं तर ते सरकारी कागदावर जायचं, तिथून वरच्या साहेबाकडे, तिथून कोर्टात, आणि तिथे वकील त्यांना बडग्याशेजारी उभं करून विचारणार. हा मी नव्हे म्हणावं तर मग बदनामी कोणाची?

"उच्," साहेब म्हणाले.

ती उचकी होती.

"कोणीतरी आठवण काढून राहिलं साहेबाची," मारोतराव बाकावरून म्हणाला.

आठवण एकटादुकटा काढत नव्हता. बाहेर पुरा मोहल्ला जमला होता. बडग्या ठाण्यात आहे म्हटल्यावर बायांनी आपली पीडा ठाण्यातच आणायला सुरुवात केली. एक म्हातारी खिडकीतून फुटका झाडू आत टाकून म्हणाली, "हवालदार, माहा दमा जमा करून घ्या." दुसरीने तुटकी चप्पल टाकली, "ही माह्या नवऱ्याची दारू." कोणी गोवर दिला, कोणी खरूज दिली. एकीने तर पावतीच मागितली. घोषणा नव्हत्या, दगड नव्हते, ज्याच्यावर लाठी चालवावी असं काहीच नव्हतं. सण साजरा होत होता, फक्त पत्ता ठाण्याचा होता.

आतमध्ये पंखा बंद पडला. पंखा आठवड्यातून तीनदा बंद पडायचाच, पण त्या दिवशी तो पडला आणि चारही शिपाई टेबलापासून मागे सरकले. एकाला शिंक आली. त्याच्यामागे दुसऱ्याला आली. तिसरा अंग खाजवायला लागला, तो थांबेचना. साहेबांची उचकी तर आता नेमाने येत होती.

"मूर्खपणा आहे हा सगळा," साहेब म्हणाले. "उच्. हवालदार, तो पुतळा आधी नीट बघून घ्या. अंगावर काय काय आहे ते लिहा."

नत्थूजी उठला. बडग्याच्या अंगावरची एकेक वस्तू पाहू लागला. टोपी, एक. चष्मा, एक. कापूस, दोन मुठी. गळ्यात एक माळ होती, ती गर्दीत त्याच्या नजरेस पडली नव्हती. सुतळीत ओवलेली खापरं. त्याने एक हातात घेतलं. मातीच्या घागरीचं, काळपट, त्यावर चुन्याचं एक बोट ओढलेलं. हा चुना नत्थूजीनेच ओढला होता, विहिरीवर घागरींची अदलाबदल होऊ नये म्हणून.

घरात पार्वतीबाई गप्प होती आणि इथे या माळेतून एवढं बोलून गेली होती. त्याला बायकोची आठवण आली, तीन कोसांवर असल्यासारखी, आणि ती बाहेर खिडकीपाशीच उभी होती. आपण डोळे मिटले होते, हे आपल्याला माफीचं कारण वाटायचं. तेच खरं वाईट होतं, हे त्याला त्या चुन्याच्या बोटाकडे पाहताना कळलं.

"काय लिहिताय?" साहेबांनी विचारलं.

"फुटकी घागर, साहेब. एक. माह्या हातानं फुटलेली."

साहेबांनी चष्मा काढला. उचकी आली, त्यांनी तो परत लावला. "बास. कागद फाडा. मारोतराव, न्या तुमचा हा... उच्... बडग्या. जा."

मारोतराव जागचा हलला नाही. "मी कसा नेऊ जी? ज्यानं मधात थांबवला त्यानंच गावाबाहेर न्यावा लागते. नाही त पीडा त्याच्याच उंबऱ्यावर राह्यते वर्षभर. आमी हात लावणार नाही." हा नियम मारोतरावने जागच्या जागी बनवला की खरंच जुना होता, यावर लोहारपुऱ्यात अजून वाद आहे. पण शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांना तो लहानपणापासून ठाऊक असल्याचं आठवलं.

"साहेब," नत्थूजी म्हणाला, "सूर्य कलून राहिला."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं, शिंकणाऱ्या शिपायांकडे पाहिलं. "न्या. लवकर न्या. आणि शिस्तीत!"

गाडा पळून गेला होता. मग न्यायचं कशावर? नत्थूजीने शिपायांच्या चार लाठ्या मागून घेतल्या, त्यांत आपली पाचवी घातली, त्यांची तिरडीसारखी चौकट बांधली आणि बडग्याला वर बसवून करकचून आवळलं. नत्थूजीचा बाप बैलगाडी हाकायचा. भरल्या गाडीच्या ओझ्याला तो एक गाठ मारायचा, जी ओढली की आणखी घट्ट होते आणि कोयत्याशिवाय सुटत नाही. ती गाठ नत्थूजीने मारली. का मारली हे त्याला त्या वेळी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पडू नये म्हणून.

तशी मिरवणूक नागपुरात आधी झाली नव्हती. खांद्यावर बडग्या घेतलेले हाफपँटीतले चार शिपाई, पुढे नत्थूजी, त्याच्यापुढे शिस्त राखायला स्वतः सरनोबत साहेब, चष्मा लावून, हात कमरेवर. मागे पुरा लोहारपुरा. रस्त्यावरची माणसं आधी साहेबांकडे पाहायची, मग वर पाहायची, मग पुन्हा साहेबांकडे. एका म्हाताऱ्याने गोंधळून तुटकी वहाण साहेबांच्याच दिशेने टाकली आणि हात जोडले.

पण कोणी ओरडेना. बडग्या ज्याच्या खांद्यावर, पहिली आरोळी त्याची, अशी रीत आहे, आणि शिपाई साहेबांच्या पाठीमागे कशाला तोंड उघडतील? मुकाट मिरवणूक चालली. नत्थूजीला ते सहन होईना. मुकेपणाचा त्याला आता उबग आला होता. त्याने छाती भरून घेतली आणि साहेबांच्या कानामागे ओरडला, "कोरडा नळ..."

"घेऊन जाय गे मारबत!" मागून शेकडो माणसं कडाडली.

"आमची लाठी..."

"घेऊन जाय गे मारबत!"

साहेब दचकून उडाले, आणि त्यांची उचकी थांबली. त्यांना इतकं बरं वाटलं की रागवायचं राहूनच गेलं.

नाल्यापलीकडच्या मैदानात बडग्या उतरवला तेव्हा सूर्य टेकायला आला होता. मारोतरावने रॉकेल ओतलं. शिपाई लाठ्या सोडवायला वाकले. गाठ सुटेना. एकाने नखं मोडली, दुसऱ्याने दात लावले. "दिवस बुडून राहिला, बाप्पा!" दमा जमा केलेली म्हातारी ओरडली आणि कोणीतरी काडी लावली. मिश्या आधी पेटल्या. मग पोट, मग माळेची सुतळी, आणि खापरं एकेक करून निखाऱ्यात पडली. खालच्या पाचही लाठ्या वाळक्या वेळूच्या होत्या, त्या मस्त धडधडल्या.

"हवालदार, सरकारी लाठ्या!" साहेब किंचाळले.

"पीडेसंगं गेल्या, साहेब," नत्थूजी म्हणाला.

तेव्हाच त्याच्यामागे लोखंडाचा ठण्ण आवाज झाला. पार्वतीबाईने बादली उपडी घातली होती. येताना ती पदराखाली घेऊनच आली होती. पदर कमरेला खोचून ती वर चढली. बाया तिच्याभोवती सरकल्या.

साहेबांना समोर पुन्हा दंगल दिसली. त्यांनी सवयीने हात वर केला. "पांगवा!"

शिपायांनी आपापले हात पाहिले. रिकामे होते. त्यांनी जाळाकडे पाहिलं, मग नत्थूजीकडे.

नत्थूजीने पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून हुकूम ऐकला. तो बायांमधून वाट काढत पुढे गेला. त्याला पाहून पार्वतीबाईचा चेहरा ताठ झाला, पण ती उतरली नाही. जमीन खाचखळग्यांची होती, बादली एका बाजूला कलत होती. नत्थूजी वर्दीसकट मातीत गुडघे टेकून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी बादली धरली.

साहेबांचा हात वरच राहिला. मग त्यांनी तो खाली घेऊन टोपी सारखी केली, जणू त्यासाठीच वर केला होता.

"तर बायांनो," पार्वतीबाई म्हणाली. भाषणात नळाची वेळ होती, दूरची विहीर होती, आणि पाठ केलेल्यात नसलेली फुटलेली घागर आणि नवऱ्याबद्दलचा एक लांबलचक भागही होता, ज्यावर बाया सर्वांत जास्त हसल्या. गुडघ्यांत खडे रुतत होते, घाम डोळ्यांत जात होता. नत्थूजी मान खाली घालून अक्षर न् अक्षर ऐकत होता.

शेवटाला आल्यावर तिने खाली पाहिलं.

"हे झालं माहं भाषण," ती बायांना म्हणाली. आणि मग त्याला, "अजी, बादली नीट धरा नं. मले उतरू द्या. आणि घरी चाला, तुमाले लय काही बोलाचं हाये."